दरवर्षी कुशीवर टक्कल, बारा महिने केसगळ: दोष घरातल्या दिव्यांचा आहे का?

दोन तक्रारी फिरून फिरून येतात. पहिली बॉक्सर किंवा बुलडॉग पाळणाऱ्यांची. कुत्रा तीन-चार वर्षांचा, खातो-पितो, खेळतो. दिवाळी उलटली की त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ व्हायला लागतात आणि महिन्याभरात तळहाताएवढा काळपट, गुळगुळीत चट्टा उघडा पडतो. उन्हाळा-पावसाळ्यात केस परत येतात, पुढच्या थंडीत पुन्हा तेच. दुसरी तक्रार फ्लॅटमधल्या मांजरांची आणि लॅब्रॅडॉरची: केस झडायचा म्हणून काही मोसम उरलेलाच नाही, सोफ्यावर, काळ्या पँटवर, आमटीत, बारा महिने केसच केस. दोन्ही तक्रारींच्या शेवटी एकच शंका असते. घरात रात्री बारा-एकपर्यंत लाइट चालू असतात, त्यामुळे होत असेल का?

होऊ शकतं. पण दर वेळी तेच कारण नसतं, आणि लोकांना वाटतं त्या पद्धतीने तर होतच नाही. एलईडीच्या किंवा ट्यूबलाइटच्या उजेडाने केस जळत नाहीत, त्वचा सुकत नाही. घरातल्या साध्या दिव्यांतून कातडीला इजा करतील इतके अतिनील किरण निघत नाहीत. दिवा जे काही करतो ते डोळ्यांवाटे करतो, आणि म्हणूनच त्याची खूणही वेगळी असते.

सगळ्यात आधी: खाजवतोय का?

या एका प्रश्नात बहुतेक तक्रारींचा निकाल लागतो. उजेडामुळे होणाऱ्या केसगळतीत खाज नसते. कुत्रा मागच्या पायाने कान-मान खाजवत असेल, पंजे चाटत असेल, शेपटीच्या बुडाशी चावे घेत असेल, तर दिव्यांचा विषय बाजूला ठेवा आणि पिसवा, गोचीड, लूत, बुरशी किंवा ॲलर्जी शोधायला लागा. आपल्याकडे पावसाळ्यात कानात आणि बोटांच्या बेचक्यांत यीस्ट वाढतं, त्याला आंबूस वास येतो. तो वास ज्याने एकदा घेतलाय त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसरी खूण डाव्या-उजव्या बाजूंची. उजेडाशी किंवा हार्मोनशी संबंधित टक्कल साधारणपणे दोन्हीकडे सारखं असतं. एकाच बाजूला, वेडावाकडा, कडेला लाली किंवा खपली असलेला गोल चट्टा दिसला तर आधी गजकर्णाचा संशय घ्या. विशेषतः मांजराचं पिल्लू असेल आणि घरातल्या मुलांच्या हातावरही तसाच चट्टा उठला असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. तिथे अंधाऱ्या खोलीत वूडचा दिवा (तपासणीचा जांभळट अतिनील दिवा) धरतात; गजकर्णाच्या काही बुरशींनी धरलेले केस त्याखाली हिरवट चमकतात. चमकले नाहीत म्हणजे बुरशी नाही असं मात्र नव्हे, केसांचा नमुना तपासावाच लागतो.

मांजराच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू उघडी पडलेली असते आणि मालक छातीवर हात ठेवून सांगतात, "चाटताना कधीच दिसत नाही हो." मांजर एकांतात चाटतं, तुम्ही ऑफिसात असताना. डॉक्टर चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात: टोकं तुटलेली असतील तर केस चाटून गेलेत, टोकं अखंड निमुळती असतील तर ते मुळापासून गळलेत. पाच मिनिटांचं काम आहे, आवर्जून करून घ्या.

उजेड केसांपर्यंत पोहोचतो कसा

डोळ्याच्या मागच्या पडद्यात बघण्याच्या पेशींखेरीज काही पेशी फक्त "आत्ता उजेड आहे की अंधार" एवढंच मोजतात. साधारण 480 नॅनोमीटरच्या, म्हणजे निळ्या, उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. त्यांची बातमी मेंदूतल्या घड्याळाकडे जाते आणि तिथून पिनिअल ग्रंथीकडे. ही ग्रंथी अंधारातच मेलाटोनिन सोडते, उजेड पडला की बंद. रात्र लांब असेल तर मेलाटोनिन जास्त वेळ, रात्र आखूड तर कमी वेळ. शरीर या वेळेवरून महिना कोणता चाललाय ते ओळखतं.

पुढचा दुवा प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन. दिवस मोठे होऊ लागले की ते वाढतं, आणि मेंढी, घोडा, मिंक अशा कितीतरी प्राण्यांत थंडीचे दाट केस टाकायचा हुकूम त्याच्याकडून सुटतो. दिवस लहान झाले की प्रोलॅक्टिन उतरतं आणि हिवाळी लव वाढीला लागते. गंमत म्हणजे मेलाटोनिन वेगळं काढलं ते एका त्वचारोगतज्ज्ञाने. येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर यांनी 1958 मध्ये गायींच्या पिनिअल ग्रंथींमधून ते मिळवलं. ते शोधत होते कातडीच्या रंगावर परिणाम करणारा पदार्थ, आणि बेडकाची कातडी त्याने उजळते हे त्यांना दिसलं.

उजेड बदलून केस बदलता येतात याचा सगळ्यात ढळढळीत दाखला गायींचा आहे. 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियात गायींना उलट्या ऋतूचा उजेड दिला गेला. हवा उन्हाळ्याचीच होती, फक्त दिवसाची लांबी हिवाळ्याची. त्या गायींच्या अंगावर भर उन्हाळ्यात थंडीची लोकर चढली. म्हणजे केसांचा मोसम ठरवताना उजेडाचं वजन गरमीपेक्षा जास्त पडतं. म्हणून "आमच्याकडे एसी असतो, त्यानेच केस झडत असतील" या तर्कात मला फारसा दम वाटत नाही. एसीने हवा कोरडी होऊन कोंडा वाढेल, पण मोसम बिघडवायला दिवाच पुरतो.

आपल्याकडे हे जास्त सहज का घडतं

मुंबईत वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. फरक उणापुरा सव्वादोन तास. लंडनमध्ये जूनमधला दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो आणि डिसेंबरातला आठ तासांच्याही आत येतो. तिथल्या कुत्र्याला ऋतू ढोल वाजवून सांगितला जातो, आपल्या कुत्र्याला कानात पुटपुटून. आता त्यावर घरातला दिवा टाका. सकाळी सहाला स्वयंपाकघरातला लाइट लागतो आणि रात्री बाराला टीव्ही बंद होतो, म्हणजे अठरा तासांचा दिवस. जूनमध्येही तेवढाच, डिसेंबरातही तेवढाच. सव्वादोन तासांचा तो फरक कुठल्या कुठे बुडून जातो.

याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. या कुत्र्या-मांजरांना रात्री उजेड जास्त मिळतो, तसा दिवसा फार कमी मिळतो. बाहेर झाडाच्या सावलीतही दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो, दुपारच्या उन्हात एक लाख. दोन इमारतींच्या मधल्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भर दुपारी शे-दोनशे लक्स असतो, आणि रात्री दिवे लावल्यावरही साधारण तेवढाच. दिवस आणि रात्र यांतला फरकच मिटलेला. 2015 पासून रस्त्यांवरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, त्यांत निळ्या उजेडाचा वाटा जास्त. खिडकीला लागून रस्त्याचा दिवा असेल तर घरातले लाइट बंद केले तरी काम अर्धंच होतं.

कुशीवरचं टक्कल: इथे गोष्ट उलटी आहे

बॉक्सर, इंग्लिश बुलडॉग, एअरडेल, श्नाउझर या जातींत दर थंडीत येणारं कुशीचं टक्कल हा ओळखीचा विकार आहे. उत्तर गोलार्धात ते बहुधा नोव्हेंबर ते मार्च या काळात सुरू होतं आणि तीन ते आठ महिन्यांत केस परत येतात. चट्ट्याची कड नकाशातल्या सीमारेषेसारखी स्पष्ट असते, कातडी काळवंडते. दूरच्या उत्तरेकडच्या देशांत, जिथे हिवाळी दिवस फारच आखूड असतात, तिथे हे जास्त दिसतं. म्हणजे हा त्रास उजेड जास्त झाल्याचा नाही, दिवसाचा उजेड कमी पडल्याचा. अशा कुत्र्याला लवकर अंधारात झोपवून पुरत नाही; त्याला ऑक्टोबरपासूनच सकाळी आणि दुपारी बाहेर काढावं लागतं.

यात दुखणं काही नाही, नुसतं दिसण्याचं नुकसान. काही कुत्र्यांना एखाद्या वर्षी होतच नाही, काहींना आयुष्यात एकदाच होतं. काहींत मात्र वर्षामागून वर्षं चट्टा मोठा होत जातो आणि केस परत येताना वेगळ्या रंगाचे किंवा राठ येतात. पहिल्यांदाच झालं असेल तर थायरॉइड आणि कुशिंग (अंगात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा विकार) या दोन्हींची तपासणी करून घ्या, कारण तिथेही टक्कल दोन्ही बाजूंना आणि बिनखाजेचं असतं. कुत्रा सुस्त झालाय, खाणं न वाढवता वजन चढतंय, तर थायरॉइड. पाणी फार पितोय, सारखी लघवी, पोट सुटलंय, तर कुशिंग. या लक्षणांवर घरातले दिवे बंद करत बसू नका.

बारमाही केसगळ: आठ-दहा आठवड्यांची परीक्षा

खाज नाही, चट्टे नाहीत, त्वचा निरोगी आहे, नुसते अंगभर केस गळतायत, आणि डॉक्टरांनीही बघून ठीक म्हटलंय. आता उजेडाकडे वळायला हरकत नाही.

रात्री अकराला घर बंद केल्यावर जनावर जिथे झोपतं तिथे, त्याच्या उंचीवर, जमिनीवर बसा. डोळे सरावू द्या. वर्तमानपत्राचे मोठे मथळे वाचता येत असतील तर तिथे रात्र झालेलीच नाही. उजेड कुठून येतो ते शोधा: जिन्यातला दिवा दाराच्या फटीतून, पार्किंगचा फ्लडलाइट खिडकीतून, देवघरातला लाल झिरो, राउटर, माशांच्या टाकीचा दिवा. यातला लाल झिरो राहू द्या. लाल उजेडाला डोळ्यातल्या त्या उजेड मोजणाऱ्या पेशी फारशी दाद देत नाहीत. माशांच्या टाकीचा निळा-पांढरा दिवा मात्र टायमरवर टाकाच. मोबाइलवरची लक्स मोजणारी ॲप्स ढोबळ आकडा देतात, पण दोन कोपऱ्यांची तुलना करायला पुरतात.

मग एवढंच करायचं. झोपायची जागा आतल्या खोलीत किंवा जाड पडद्याआड हलवा. रोज ठरावीक वेळी, समजा नऊ-साडेनऊला, तिथला उजेड बंद म्हणजे बंद, आणि सकाळपर्यंत लावायचा नाही. तुम्ही हॉलमध्ये बारापर्यंत जागा, कुत्र्याला जबरदस्ती नाही. मात्र तो हॉलमध्येच तुमच्या पायाशी लोळत असेल तर त्या खोलीतले छताचे पांढरे दिवे बंद करून एखादा पिवळा, खाली ठेवलेला दिवा लावा. आणि दिवसा त्याला खरा उजेड द्या: गॅलरी, गच्ची, सकाळचा फेरफटका. मांजराला खिडकीशी बसायची जागा. खिडकीची काच बहुतेक घातक अतिनील-ब किरण अडवते, त्यामुळे पांढऱ्या मांजराच्या कानांची काळजी उघड्या गच्चीवर जास्त घ्यावी लागते, बंद काचेआड कमी.

निकाल दिसायला वेळ लागतो. आज वाढ थांबून विश्रांतीला गेलेला केस काही आठवड्यांनी गळतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसणार नाही, कदाचित केस थोडे जास्तच झडतील. रोज एकाच ब्रशने, एकाच वेळेला केस काढून पिशवीत साठवा आणि आठवड्याच्या शेवटी वजन करा. डोळ्याचा अंदाज इथे साफ चुकतो, कारण ज्या दिवशी सोफा झाडला त्या दिवशी केस जास्तच वाटतात. आठ-दहा आठवड्यांत वजन उतरलं नाही तर उजेडाचा मुद्दा सोडून द्या; आहार, जंत, मादी असेल तर माज किंवा बाळंतपण यांकडे बघा. व्यायल्यानंतर दोन-तीन महिन्यांत कुत्रीचे केस भसाभस गळतात, ते आपोआप भरून येतात.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. घोडा आणि मेंढी यांच्यावर उजेडाचा परिणाम पक्का सिद्ध आहे. कुत्र्या-मांजरांवरचा पुरावा त्यामानाने पातळ आहे. शिवाय जातीचा फरक मोठा. पूडल आणि शिह त्झू यांचे केस सतत वाढतच असतात, त्यांच्यात मोसम असा नसतोच. हस्की, पोमेरेनिअन, जर्मन शेफर्ड यांच्या दुहेरी अंगरख्यावर (वर राठ केस, आत मऊ लोकर) फरक पडायची शक्यता जास्त.

दिव्यावर ढकलली जाणारी, पण दुसऱ्याच कुणाची असलेली प्रकरणं

सगळ्यात जास्त दिसणारं: एप्रिलमध्ये उकडतंय म्हणून हस्कीची किंवा पोमची हजामत केली आणि डिसेंबर आला तरी केस आले नाहीत. हा मशीनचा प्रताप. या जातींचे बहुसंख्य केस विश्रांतीच्या अवस्थेत असतात. मुळाशी कापले की पुढची फेरी सुरू व्हायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. उन्हाळ्यात विंचरून आतली मेलेली लोकर काढा, कापू नका. मला विचाराल तर पुण्या-मुंबईत हस्की पाळण्यापासूनच वाद सुरू होतो, पण तो इथे नको.

दुसरं, पिल्लांच्या खोक्यावर टांगलेला बल्ब. थंडीत ऊब म्हणून पिवळा शंभर वॉटचा किंवा लाल इन्फ्रारेड दिवा लावतात आणि तो महिनोन्महिने तसाच राहतो. तिथे बसणाऱ्या जनावराच्या पाठीवर केस विरळ होऊन जाळीसारखे तपकिरी-लाल पट्टे उठले, तर ती दिव्याच्या उष्णतेची खूण आहे. हीटरला किंवा गरम पॅडला रोज चिकटून झोपणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यांतही हेच दिसतं. जनावराची पाठ जिथे येते तिथे तुमचा उलटा हात दोन मिनिटं धरा. चटका जाणवला तर दिवा वर घ्या आणि खोक्यात एक गार कोपरा ठेवा.

तिसरं खरोखर धोक्याचं: जंतुनाशक यूव्ही-सी दिवे. कोरोनाच्या काळात अनेक घरांत ते आले आणि अजून कोपऱ्यात पडून आहेत. 254 नॅनोमीटरचे ते किरण काही मिनिटांतही डोळ्यांना आणि उघड्या कातडीला भाजू शकतात. मांजराचे दोन्ही डोळे अचानक मिटलेले, पाणी वाहतंय, नाकाची कातडी सोलतेय, आणि काही तासांपूर्वी तो दिवा लावला होता, असं असेल तर थेट डॉक्टर गाठा.

म्हातारा घोडा उन्हाळ्यातही लांब, कुरळे केस टाकत नसेल तर पागेतला बल्ब बदलून उपयोग नाही. पंधरा वर्षांच्या पुढच्या घोड्यात तो बहुधा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा विकार असतो. निरोगी घोड्यावर मात्र उजेडाची जादू बघण्यासारखी चालते. डिसेंबरच्या सुरुवातीपासून रोज एकूण सोळा तास उजेड, तोही ठाणात उभं राहून वर्तमानपत्र वाचता येईल इतका, दिला तर आठ-दहा आठवड्यांत घोडी थंडीचे केस टाकते आणि माजावरही लवकर येते. घोड्यांच्या पैदाशीत हा नित्याचा उपाय आहे. पण दिवा चोवीस तास जळता ठेवला तर हिशेब फिसकटतो; आठ तासांचा अंधार त्या उपायाचाच भाग आहे. पागेच्या राखणदाराला हे समजावून सांगा, नाहीतर "चोरीची भीती" म्हणून दिवा रात्रभर तसाच राहतो.

हॅमस्टरवाल्यांसाठी एवढंच: "थंडीत पांढरा होतो" असं सांगून विकलेलं सायबेरियन पिल्लू तुमच्या हॉलमध्ये पांढरं झालं नाही तर दुकानदाराने फसवलंच असं नाही. आखूड दिवसांशिवाय ते रंग बदलत नाही, आणि तुमच्या घरात आखूड दिवस येतच नाहीत.

मेलाटोनिनच्या गोळ्या

कुशीच्या टकलावर डॉक्टर मेलाटोनिन देतात, आणि नेहमीचा मोसम सुरू होण्याच्या महिना-दोन महिने आधीच ते सुरू केलं तर उपयोगाची शक्यता वाढते. म्हणून गेल्या वर्षी चट्टा कोणत्या तारखेला दिसला त्याचा फोटो फोनमध्ये सापडतो का बघा आणि तो डॉक्टरांना दाखवा. मात्रा त्यांनाच ठरवू द्या, मधुमेह असलेल्या किंवा गाभण जनावराला आपल्या मनाने देऊ नका. आणि माणसांसाठी मिळणाऱ्या गोड चघळगोळ्या तर अजिबात नकोत. त्यांतल्या काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) असतं, त्याने कुत्र्याची रक्तशर्करा धाडकन उतरते आणि यकृतालाही इजा होते. अशी गोळी कुत्र्याने खाल्लीच तर तो ठीक दिसत असला तरी वाट बघू नका, डबीसकट दवाखान्यात न्या.